तिसरा आग्रह

"आज छान वाचलंस, आर्डिस," सेल्मर हॉवलंड म्हणाला, आणि मला कळलं, काहीतरी वाईट झालंय. सहाच्या बातम्या नुकत्याच संपल्या होत्या. स्टुडिओतले दिवे एकेक करून मालवले जात होते आणि मी कॉलरला लावलेला माइक काढत होते. सेल्मर माझ्यासमोर कॅमेऱ्यामागे उभा राहतो त्याला पंचवीसेक वर्षं तरी झाली असतील. एवढ्या काळात तो माझ्याशी काय काय बोलला ते मला पाठ आहे, कारण ते फारसं नाहीच. "डावीकडे सरक जरा." "कानातलं चमकतंय." "बर्फ पडायला लागलंय, गाडी लवकर काढ." माणूस चंद्रावर उतरला त्या दिवशी मी सकाळपासून बोलत होते, घसा सोलून निघाला होता, तेव्हा दिवे मालवल्यावर तो म्हणाला होता, "वाईट नाही." त्या दोन शब्दांवर मी वर्ष काढलं. आम्हा नॉर्वेजियनांत 'वाईट नाही' ही शेवटची पायरी. त्याच्या वर फक्त पाद्रीबाबांचं प्रवचन, आणि ते ज्याच्यासाठी असतं तो पेटीत आडवा असतो. मी सेल्मरकडे बघितलं. तो केबल गुंडाळत होता, नेहमीपेक्षा जरा जास्तच मन लावून. "काय म्हणालास?" मी विचारलं. "काही नाही. छान वाचलंस म्हटलं." "का?" "अगं, का म्हणजे काय," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. साठीकडे आलेल्या माणसाचे कान उगाच लाल होत नाहीत. कुठेतरी पाणी मुरत होतं.

गाडी सुरू व्हायला वेळ लागला. फेब्रुवारीत मिनियापोलिसमध्ये गाडी काय, माणूस काय, सगळ्यांनाच वेळ लागतो. काचेवरचं बर्फ खरवडताना मला वडील आठवले. त्यांना इंग्रजी बोलता यायचं, वाचता यायचं नाही. पश्चिमेला, डाकोटाच्या हद्दीजवळ, आजोबांनी नॉर्वेहून येऊन घेतलेली जमीन होती, गहू होता, गाई होत्या. संध्याकाळी दूध काढून झालं की ते स्वयंपाकघरात बूट काढून बसत आणि मी त्यांना गावचं वर्तमानपत्र वाचून दाखवी. गव्हाचा भाव काय, कुणाला घोडा विकायचाय, कोण वारलं. मी चुकले तर ते खाकरत. नाही चुकले तर शेवटी म्हणत, "दिवा बारीक कर." म्हणजे बरं वाचलं. मी बातम्या वाचायला शिकले ती तिथे, त्या खाकरण्यातून. पुढे रेडिओच्या शाळेत माझ्या गावाकडच्या बोलीतला लांबणारा 'ओ' तेवढा कापून आखूड केला. मी पहिल्यांदा टीव्हीवर दिसले तेव्हा लोकांची पत्रं आली, की ही बाई इथे असते तर हिच्या नवऱ्याचा स्वयंपाक कोण करतं. वडील शेजाऱ्यांकडे जाऊन बघून आले होते. फोनवर म्हणाले, "कॉलर वाकडी होती." फोन ठेवून मी रडले, आनंदाने रडले, कारण कॉलर वाकडी झाली ती अगदी शेवटच्या बातमीला. म्हणजे ते शेवटपर्यंत बसले होते. त्यांनी मला चांगलं म्हटलं ते एकदाच. इस्पितळात, उशीला टेकून, खिडकीकडे बघत. "तू नेहमी चांगलं वाचायचीस." मी सरळ बाहेर गेले आणि नर्सला बोलावून आणलं. दुसऱ्या दिवशी ते गेले. तेव्हापासून कुणी माझी स्तुती केली की मला आधी ते विचारावंसं वाटतं, की डॉक्टर काय म्हणाले.

आणि घराच्या पायरीवर हॉटडिश ठेवलेलं. टॉवेलमध्ये गुंडाळलेलं, अजून कोमट. खिमा, वर बटाटे, मध्ये डब्यातलं मश्रूमचं सूप, सगळं काचेच्या भांड्यात भट्टीत भाजलेलं. ते दारात कधी येतं हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कुणी गेलं, कुणाच्या पोटाचं ऑपरेशन झालं, कुणाचा गोठा जळाला, तर. सुखी माणसाच्या दारात हॉटडिश येत नाही. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर देणारीचं नाव असतं, म्हणजे भांडं धुऊन परत नेता येतं आणि तेवढ्या निमित्ताने आभारही मानता येतात. मी भांडं वर धरून खालून बघितलं. पट्टी ओढून काढलेली होती, डिंकाचा चौकोन तेवढा राहिला होता. म्हणजे देणारीला आभारसुद्धा नको होते. इतकं मोठं काहीतरी मला झालं होतं आणि ते मला माहीत नव्हतं. मी भांडं घेऊन आत गेले. हार्लन, माझा नवरा, टेबलाशी बसून मासे पकडायच्या गळाला तेल लावत होता.

"कोण गेलं?" मी विचारलं.

"कोणी नाही. का?"

"मग हे कुणी ठेवलं?"

त्याने भांड्याकडे बघितलं. "हॉटडिश दिसतंय."

"ते मलाही दिसतंय, हार्लन."

"गार होण्याआधी खाऊ," तो म्हणाला, आणि उठून दोन बशा काढल्या. खाताना त्याने मान वर केली नाही. अर्धं संपल्यावर म्हणाला, "आज कसं झालं?" हार्लन शाळेत सुतारकाम शिकवायचा, निवृत्त झाला त्याला तीन हिवाळे झाले. आमच्या लग्नाला किती वर्षं झाली हे मी मोजायला बसत नाही, पण 'आज कसं झालं' हे त्याने मला कधी विचारलेलं नाही. त्याला कळतं कसं झालं ते. तो घरी बसून बघतो. मी म्हटलं, "वाईट नाही." त्याने मान हलवली, आणि मग टेबलावरून हात पुढे करून माझ्या हातावर ठेवला, क्षणभरच, आणि काढून घेऊन त्याच हाताने मीठ उचललं. मीठ आधीच पुरेसं होतं. मी बशी बाजूला सारली.

पुढचे काही दिवस मी डोळ्यांत तेल घालून काढले. बातम्या लिहिणारी पोरंपोरी, जी एरवी पाय टेबलावर टाकून बसतात, ती मी आले की उठून उभी राहायला लागली. जेवणाच्या खोलीत शिरले की बोलणं थांबायचं आणि मग सगळे एकदम हवामानावर बोलायचे. माझ्या गाडीवरचं बर्फ संध्याकाळी कुणीतरी आधीच झाडून ठेवलेलं असायचं. मी आजारी आहे का? आरशात जीभ बाहेर काढून बघितली. वजन केलं. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी रक्त घेतलं होतं आणि काही कळवलं नव्हतं, मी दवाखान्यात फोन केला तर ती मुलगी म्हणाली, "सगळं ठीक आहे, मिसेस नेसवोल्ड, आणि आम्ही तुम्हाला रोज बघतो हं, आम्हाला तुम्ही फार आवडता." फोन माझ्या हातात तसाच राहिला. 'फार आवडता' कोण म्हणतं कुणाला. माणसाने किती दिवस राहिले ते तरी सांगावं. मी पुन्हा फोन केला, आवाज बदलून, दुसरीच कुणी असल्यासारखी, आणि विचारलं की तुमच्याकडे रिपोर्ट वाईट असला तर सांगतात का. ती म्हणाली, "मिसेस नेसवोल्ड?" हा आवाज घेऊन मला या शहरात काहीच लपूनछपून करता येत नाही.

म्हणजे आजार नव्हता. मग खुर्चीच असणार. खरं सांगते, मनात पहिल्यापासून तेच होतं, जीभ उगाच बघितली. माझा करार वसंतात संपत होता. ती खुर्ची मला हवी होती. घरात, चर्चमध्ये, सेल्मरसमोर मी हे कधी म्हटलं नसतं, पण हवी होती, अगदी पोटातून हवी होती. सहाच्या ठोक्याला समोरचा दिवा तांबडा होतो, वाचायच्या कागदाची गुंडाळी कॅमेऱ्यावर सरकायला लागते, आणि सगळा मुलूख भांडी आवरता आवरता गप्प होतो. ते सोडून मला जगता येईल असं मला वाटत नव्हतं. आमचा नवा मॅनेजर प्रेस्कॉट कॅलिफोर्नियाहून आलेला. तरुण, पिंगट केसांचा, सगळे दात एकदम दाखवून हसणारा. इतके दात दाखवणाऱ्याचं मी काही खरं मानत नाही. जानेवारीत त्याने मला वर काचेच्या खोलीत बोलावलं आणि म्हणाला, "आर्डिस, मला तुम्ही सहाच्या बातम्यांना आणखी तीन वर्षं हव्या आहात. काय म्हणता?" आता यावर माणूस काय म्हणेल? मी म्हटलं, "छे, नको. तरुण कुणाला तरी द्या." कोणीही हेच म्हटलं असतं. कुणाकडे गेलं आणि कॉफी विचारली की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा 'नको हो, उगाच त्रास' म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा 'केलेलीच असली तर अर्धा कप' असं म्हणायचं. पहिल्याच फटक्यात हो म्हणणारा एकतर उपाशी असतो नाहीतर स्वीडिश. प्रेस्कॉट म्हणाला, "नक्की? आम्हाला मनापासून हव्या आहात तुम्ही." मी म्हटलं, "लोक कंटाळले असतील हो या तोंडाला." आणि खाली मान घालून मी तिसऱ्या आग्रहाची वाट बघत बसले. उत्तर तयार होतं. 'तुमची अडचणच होत असेल तर वर्षभर बघू' असं म्हणायचं, आणि मग त्याने तीन म्हणायचं. तो म्हणाला, "तुमच्या भावनेचा मला आदर आहे," आणि उठून दार उघडलं.

आठवड्यात विचारेल असं मला वाटलं. कामात असेल. नाही विचारलं. मग मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. दोनदा विचारून जो थांबतो तो मनापासून विचारत नसतो. त्याला विचारल्यासारखं करायचं होतं, म्हणजे उद्या वरच्यांना सांगता येईल, की आम्ही विचारलं, बाईच नको म्हणाली. लबाड. सगळं आधीच ठरलेलं होतं, आणि स्टुडिओतल्या पोराटोरांना माहीत होतं, आणि सेल्मरला माहीत होतं. एवढी वर्षं समोर उभा राहून माझ्या कानातल्याची काळजी करणारा माणूस, तोही त्यांच्यात. मी रोज सहा वाजता कॅमेऱ्याकडे बघून बातम्या वाचायचे आणि त्या भिंगामागच्या सेल्मरचा मला राग यायचा. वाचताना आवाजात तो येऊ द्यायचा नाही एवढं मला जमतं. राग, ताप, आई वारल्याचा फोन, सगळं मी त्या आवाजाखाली दाबून वाचलेलं आहे.

आणि त्यातच हार्लन शीळ घालायला लागला. गॅरेजमध्ये करवत चालायची, रंधा चालायचा, आणि मी डोकावले की तो कामावर काहीतरी पांघरायचा. त्याने नवा थर्मास आणला, दोन टोपणांचा. हार्लन दुपारी मिनेटोंकाच्या गोठलेल्या तळ्यावर त्याच्या खोपट्यात बसतो, बर्फाला भोक पाडून गळ टाकतो. खोपटं इतकं लहान, की दुसरा माणूस आला तर गुडघ्याला गुडघा लागेल. तिथे तो एकटा बसतो, म्हणून तर तिथे बसतो. दोन टोपणं कशाला? शुक्रवारी तो बाहेर गेल्यावर मी गॅरेजमध्ये गेले. कोपऱ्यात माझ्या जुन्या हिरव्या कोटाचे तुकडे पडले होते. तो कोट मी चर्चच्या जुन्या कपड्यांत टाकायला दिला होता. त्यातून काहीतरी गोल कापलं होतं, बसायच्या मापाचं. माझं डोकंच फिरलं. नोकरी जाते तेव्हा एकटी जात नाही, नवराही घेऊन जाते, असं काहीतरी मला वाटलं. कोण असेल? चर्चमध्ये दोन विधवा आहेत, दोघींना मासे आवडतात. आणि माझ्याच कोटावर बसवणार तिला. त्या शुक्रवारी मी दोन मोठ्या आगी आणि एक अर्थसंकल्प वाचला, आणि एकही शब्द मला आठवत नाही.

शनिवारी दुपारी मी गाडी घेऊन तळ्यावर गेले. न सांगता. बर्फावर गाडी मी नेहमी हळू नेते, त्या दिवशी नेली नाही. खोपट्याच्या नळीतून धूर निघत होता. मी दार ओढलं. हार्लन एकटाच होता. त्याच्यासमोर, भोकाच्या पलीकडे, नवं स्टूल खालच्या फळीला स्क्रूने पक्कं केलेलं, वर हिरवी गादी. शेगडीच्या बाजूला. ऊब असते ती जागा त्या स्टुलाची होती. तो स्वतः दाराकडच्या वाऱ्यात बसला होता.

"दार लाव, गार येतंय," तो म्हणाला.

मी दार लावलं. "हे कुणासाठी?"

"बसायला."

"कुणाला?"

"जो येईल त्याला," हार्लन म्हणाला आणि गळाकडे बघत राहिला. "तू आलीयेस तर तू बस."

मी बसले. स्टुलाची उंची माझ्या गुडघ्यांना बरोबर होती. हे मला बसल्या बसल्या कळलं आणि तरी मी ते कळून घेतलं नाही. मग त्याने विचारलं, "कॉफी?" मी म्हटलं, "नको." "थोडीशी?" "नको रे, उगाच." "अर्धा कप." "आहेच तर दे अर्धा." तोवर दुसरं टोपण काठोकाठ भरलं होतं. मी पहिल्यांदा नको म्हणत होते तेव्हाच त्याने ओतायला सुरुवात केली होती. त्याने माझं नको ऐकलंच नव्हतं, म्हणजे ऐकलं होतं, पण त्याला ठाऊक होतं की ते काय आहे. कप माझ्या हातात आला आणि मी त्याकडे बघत राहिले. कॅलिफोर्नियात कॉफी अशी ओतत नसतील. तिकडे माणूस नको म्हणाला की भांडं खाली ठेवत असतील. प्रेस्कॉट लबाड नव्हता. प्रेस्कॉटने मला दोनदा विचारलं, मी दोनदा नको म्हटलं, आणि त्याने बापड्याने ते खरं मानलं.

"हार्लन," मी म्हटलं, "लोकांना काय वाटतंय, मी नोकरी सोडली?"

तो गळाची दोरी बोटावर गुंडाळत होता. "तू सांगशील तेव्हा सांगशील असं म्हटलं."

"तुला कुणी सांगितलं?"

"सेल्मर भेटला होता. गळाला लावायचं आमिष विकतात त्या दुकानात. त्या नव्या साहेबाने सगळ्यांना गोळा करून सांगितलं म्हणे, तुझी सुट्टी होती त्या दिवशी. आर्डिस वसंतात निवृत्त होतायत, त्यांना गाजावाजा आवडत नाही, त्या आपणहून बोलतील तोवर कुणी विषय काढू नका." त्याने नाक ओढलं. "मग कुणी काढला नाही. हॉटडिश लव्हॉनचं होतं, सेल्मरच्या बायकोचं. सेल्मर म्हणाला पट्टी काढ, नाहीतर आर्डिस आभार मानायला येईल आणि विषय निघेल."

"मी सोडलेली नाही," मी म्हटलं. "मी नको म्हटलं. दोनदा."

हार्लनने माझ्याकडे बघितलं. त्याला पुढचं काही सांगावं लागलं नाही. त्याचा चेहरा तसाच राहिला, एक रेघ हलली नाही, फक्त बोटावरची दोरी त्याने पुन्हा उलगडली, सावकाश, सगळी. "मग सोमवारी वर जाऊन सांगशील तू," तो म्हणाला. "सांगायला हवं," मी म्हटलं. "हो. सांगायलाच हवं," तो म्हणाला, "बरं झालं कळलं ते." आणि मग गळ वर ओढून बघत, "मासे आज नाहीतच." मी कॉफी संपवली. गादीची शिवण हाताची होती, वाकडी. सुतार माणसाने सुई हातात धरली होती, आणि मी त्याच्यावर दोन विधवा घातल्या होत्या. लाज वाटली, आणि त्या लाजेच्या आत मला सोमवारची घाई झालेली होती, तेही मला कळत होतं.

सोमवारी मी काचेच्या खोलीत गेले. प्रेस्कॉट सगळे दात दाखवून उभा राहिला. "बसा, बसा. कॉफी?" "नको," मी म्हटलं, आणि त्याने भांडं खाली ठेवलं. इतक्या सहज ठेवलं की मला त्याची दयाच आली. मी म्हटलं, "तुम्ही मला जानेवारीत दोनदा विचारलंत."

"हो. आणि दोनदा नाही म्हणालात तुम्ही. मला फार वाईट वाटलं होतं."

"तिसऱ्यांदा विचारलं नाहीत."

तो थांबला. माझी चेष्टा चाललीय की काय असं त्याच्या तोंडावर आलं. "आर्डिस, मी जिथून आलो तिथे बाई दोनदा नाही म्हणाल्यावर तिसऱ्यांदा विचारलं तर मुस्काटात बसते."

"आमच्याकडे नाही विचारलं तर बसते," मी म्हटलं.

तो हसला नाही. खुर्चीत बसला, मग पुन्हा उठला, आणि काचेतून खाली स्टुडिओकडे बघत म्हणाला, "डेन्व्हरची एक मुलगी गुरुवारी सही करायला येतेय. अजून सही झालेली नाही. म्हणून सरळ विचारतो, आणि सरळ सांगा, मला तुमचं ते दोनदा-तीनदा कळत नाही. तुम्हाला ती खुर्ची हवी आहे का?" यावर आधी नको म्हणायचं असतं. माझ्या तोंडात ते 'छे छे' येऊन बसलं होतं, जिभेच्या टोकावर, मला त्याची चव लागत होती. मी त्या मुलीचाही विचार केला, तिने डेन्व्हरमध्ये सामान बांधायला घेतलं असेल का. इतकी वर्षं मी रोज वाचत आले, कामगारांना पगारवाढ हवी आहे, शेतकऱ्यांना भाव हवा आहे, कुणाला रस्ता, कुणाला न्याय. सगळ्या जगाचं हवं-हवं मी माझ्या तोंडाने वाचलं, आणि माझं स्वतःचं एक 'हवं' या तोंडातून कधी गेलं नव्हतं. "मला हवी आहे," मी म्हटलं. आवाज सहा वाजताचा निघाला, सपाट, स्वच्छ, 'ओ' आखूड करून, जणू दुसऱ्याच कुणाची बातमी. नाहीतर निघालाच नसता.

"झालं तर मग," प्रेस्कॉट म्हणाला आणि त्याने फोन उचलला. मी जिना उतरून खाली आले. एवढं सोपं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि जे इतकं सोपं मिळतं त्यात काहीतरी खोट असते असंही वाटत होतं. सेल्मर कॅमेऱ्याचं भिंग पुसत होता. "ऐकलं. राहतेयस म्हणे," तो म्हणाला. "हो," मी म्हटलं. "लव्हॉनला सांग, तिचं भांडं माझ्याकडे आहे." सेल्मरने भिंगातून माझ्याकडे बघितलं. "कानातलं चमकतंय," तो म्हणाला, आणि मला किती दिवसांनी नीट श्वास आला.

हार्लनला मी घरी गेल्यावर सांगितलं. "वाईट नाही," तो म्हणाला, आणि त्याच्या मते मीठ कमी होतं ते त्याने घेतलं. शीळ बंद झाली. त्याबद्दल मी त्याला विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. तो आठवडा मी छान वाचलं, मला माहीत आहे, कारण कुणीही काही म्हणालं नाही. पण वाचताना मध्येच ती वाकडी शिवण आठवायची. माझ्या मनात एक नवाच संशय शिरला होता, की एवढी वर्षं हा माणूस घरी बसून सहा वाजता माझ्याकडे बघत होता तेव्हा त्याला नेमकं काय हवं होतं. ते मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं.

शनिवारी पुन्हा तळ्यावर गेले. वसंताआधी खोपटी तळ्यावरून हलवावी लागतात, थोडेच दिवस राहिले होते. आत शेगडी पेटलेली, हार्लन दाराजवळच्या त्याच्या जागी. स्टूल नव्हतं. फळीवर स्क्रूची चार भोकं, त्यांत लाकडाचा भुसा आणि सरस भरून वरून घासून सपाट केलेलं. हार्लनचं काम, बोट फिरवलं तरी लागणार नाही असं. मला ती दिसली, कारण मी तीच शोधत होते.

"स्टूल कुठेय?"

"गॅरेजमध्ये. रंगाचे डबे ठेवलेत त्यावर. इथे पायात येत होतं."

माशांची बादली उपडी करून मी तिच्यावर बसले. बर्फ खालून कुठेतरी कण्हलं, तसं ते थंडी कमी होताना कण्हतं. "तू मला विचारलं नाहीस," मी म्हटलं.

"काय?"

"सोमवारी जाऊ नकोस असं. इथे ये असं. काहीच विचारलं नाहीस तू, हार्लन. एकदासुद्धा."

त्याने गळाची दोरी थोडी वर ओढली, पुन्हा सोडली. "विचारून काय," तो म्हणाला. "तू नको म्हणाली असतीस."

"मग पुन्हा विचारायचंस."

"आणि ते तू खरंच म्हणालेली असतीस तर?" तो म्हणाला. "तुझं कॉफीचं नको मला ओळखू येतं. हे आलं नसतं."

मला रडू आलं आणि मी ते वाहू दिलं, त्याने बघितलं नाही, आमच्यात तशी सोय असते. शनिवार माझे मोकळे असतात. कायमच होते. तिथे यायला मला नोकरी सोडावी लागणार नव्हती, कुणीतरी विचारावं लागणार होतं आणि कुणीतरी हो म्हणावं लागणार होतं, आणि आम्ही दोघं तेवढ्यासाठी म्हातारे झालो. हार्लन खाकरला, वडील खाकरायचे तसा, आणि थर्मास काखेत धरून म्हणाला, "कॉफी?"

"हो," मी म्हटलं.

त्याचा हात थांबला. दुसरं टोपण अजून फळीवर उपडं होतं. माझी दोन 'नको' व्हायची होती, तेवढ्यात तो ते पुसून घेणार होता. त्याने ते न पुसताच भरलं आणि माझ्या हातात दिलं. मग दाराकडे बघत, इतक्या हळू की शेगडीच्या आवाजात ते जवळजवळ विरलं, म्हणाला, "पुढच्या शनिवारी ते स्टूल…"

"हो," मी म्हटलं. त्याचं विचारून झालंही नव्हतं.

हार्लनने गळ खाली ठेवला, वळून माझ्याकडे नीट बघितलं, डोळे बारीक करून, संशयाने.

"तुला बरं नाहीये का, आर्डिस?" त्याने विचारलं.